जेरंड आमच्या पोरांना नको, हे ठरवणारे तुम्ही कोण?

सहावी ते आठवीच्या वर्गात इंग्रजी व्याकरण शिकवावे की नाही, यावर बरीच शहाणी मंडळी बोलत असतात. त्यांचा सूर ठरलेला असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराला इंग्रजीचे एक वाक्य धड वाचता येत नाही, त्याला जेरंड कशाला शिकवता? भाषा व्याकरणाने येत नाही, ऐकून आणि बोलून येते. पोरांना गाणी शिकवा, गोष्टी सांगा, चार वाक्ये बोलायला लावा, पुरे झाले.

ऐकायला हे मायेचे वाटते. आपल्यातले कार्यकर्तेही त्यावर मान डोलावतात. अभ्यासिका चालवणारे तरुणसुद्धा म्हणतात, "खरं आहे, आपल्या पोरांना एवढं कुठं झेपतंय?" या लेखाचा विरोध नेमका याच वाक्याला आहे. आपल्या पोरांना काय झेपते हे आधीच ठरवून टाकायचे आणि मग त्या मापाचे शिक्षण त्यांच्या ताटात वाढायचे, हा धंदा या देशात फार जुना आहे. पूर्वी तो हाकलून केला जायचा, आता कुरवाळून केला जातो.

जेरंड म्हणजे काय ते आधी सरळ सांगतो. इंग्रजी क्रियापदाच्या शेवटी आयएनजी लागतो आणि ते नामाचे काम करू लागते, त्या रूपाला जेरंड म्हणतात. 'रीड' म्हणजे वाच, 'रीडिंग' म्हणजे वाचणे. 'रीडिंग इज गुड' म्हणजे वाचणे चांगले आहे. मराठी व्याकरणात अशा शब्दाला धातुसाधित नाम म्हणतात. शिकणे, लढणे, पोहणे, मागणे ही सगळी त्याचीच उदाहरणे. आठवीतल्या पोराने ही रूपे तोंडाने हजारो वेळा वापरलेली असतात. म्हणजे जी गोष्ट त्याला 'झेपत नाही' असे आपण म्हणतो, ती तो रोज बोलतो. त्याला फक्त कोणी सांगितलेले नाही की इंग्रजीतल्या त्या भारी नावाच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात आहे.

व्याकरण कोणाच्या घरात होते?

'व्याकरण कशाला' हा प्रश्न आपल्यालाच का विचारला जातो ते पाहू. वेदांची सहा अंगे सांगितली जातात, त्यातले एक अंग व्याकरण. ज्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाले, त्यांना ते कधी अनावश्यक वाटले नाही. शूद्र-अतिशूद्रांना मात्र त्याच्या आसपास फिरकू दिले नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते शिकू दिले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. भाषेची आतली रचना कोणाला कळावी आणि कोणाला कळू नये, हा प्रश्न आपल्याकडे आधी जातीचा होता, अध्यापनशास्त्राचा फार नंतर झाला.

म्हणून जोतीरावांची एक गोष्ट लक्षात ठेवा. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांत काय शिकवावे याची यादीच त्यांनी त्यात मांडली. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती, आरोग्य. आणि त्याच यादीत व्याकरण आहे. शेतकऱ्याच्या पोराला व्याकरण झेपायचे नाही, असे जोतीरावांना वाटले नाही. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. आपली परंपरा ही आहे. मग पावणेदोनशे वर्षांनी आपणच आपल्या पोरांसाठी यादी छाटायला का बसलो आहोत?

आता 'भाषा ऐकून येते' या युक्तिवादाकडे येऊ. ते खरे आहे, पण कोणासाठी? ज्या घरात पाहुण्याला निरोप देताना आई 'थँक यू फॉर कमिंग' म्हणते, त्या घरातल्या पोराला जेरंड शिकवावा लागत नाही. तो त्याच्या कानात पडतो. 'स्टॉप क्राइंग', 'फिनिश ईटिंग', 'कीप ट्राइंग' हे त्याला दुसऱ्या वर्षापासून ऐकू येते. ज्या वस्तीत सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजीचे एक अखंड वाक्य कानावर येत नाही, तिथल्या पोराला 'ऐकून शीक' म्हणणे म्हणजे कोरड्या विहिरीवर पोहायला पाठवणे. जिथे कानाला भाषा मिळत नाही, तिथे नियम हीच शिडी असते. ज्यांना शिडी लागली नाही, तेच सांगत फिरतात की शिडीची गरज नाही.

आणि ज्या पिढ्यांनी या राज्यात इंग्रजीच्या जोरावर कचेऱ्या, कोर्ट आणि वर्तमानपत्रे ताब्यात ठेवली, त्या इंग्रजी कशा शिकल्या? घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी, नियम, पुन्हा वाक्य. त्यांनी व्याकरण मराठीतून शिकले आणि त्यांचे काही बिघडले नाही. आपली पोरं शाळेत आली तेव्हाच व्याकरण जुनाट कसे झाले?

पिण्याचे पाणी आणि पाणी पिणे

आता दुसरी बाजू. व्याकरण हवे म्हणजे आज वर्गात जे चालते ते हवे, असे मी म्हणत नाही. आज काय चालते? फळ्यावर व्याख्या लिहायची, पोरांनी ती वहीत उतरवायची. मग गाइडमधली दहा वाक्ये, 'जेरंड अधोरेखित करा'. पोरगं आयएनजी दिसेल तिथे रेघ मारतं. निम्मी उत्तरे बरोबर येतात, निम्मी चुकतात, आणि का चुकली हे त्याला कळत नाही. याला मी शिकवणे म्हणत नाही. मी शिक्षकाला एकट्याला दोषही देत नाही. दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळणारा, निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सगळी कामे गळ्यात पडलेला शिक्षक आणखी काय करणार? पण पद्धत चुकीची आहे हे म्हणावेच लागेल.

बरोबर पद्धत आपल्या भाषेत आहे. इंग्रजीत आयएनजी एकच, पण तो तीन वेगवेगळी कामे करतो. 'ही इज रनिंग', 'अ रनिंग ट्रेन', 'रनिंग इज गुड'. तिन्ही ठिकाणी शब्द तोच. मराठीत मात्र तीन वेगळी रूपे आहेत. तो धावत आहे. धावती गाडी. धावणे चांगले. पहिले क्रियापद, दुसरे विशेषण, तिसरे नाम. म्हणजे इंग्रजी जिथे गोंधळ घालते, तिथे मराठी उघड सांगते. पोराला एवढेच शिकवा की आयएनजी दिसला की त्याचे मराठी करून बघ. शेवटी 'णे' आले तर जेरंड, 'त' किंवा 'ती' आले तर नाही. बहुतेक वाक्यांना ही कसोटी पुरते. व्याख्या पाठ करण्याची गरज राहत नाही.

रेल्वे स्टेशनवर पाटी असते, 'ड्रिंकिंग वॉटर'. खाली मराठीत लिहिलेले असते, पिण्याचे पाणी. हेच दोन शब्द वाक्यात टाका. 'ड्रिंकिंग वॉटर इज अवर राइट'. आता त्याचा अर्थ होतो, पाणी पिणे हा आमचा हक्क आहे. पाटीवर 'ड्रिंकिंग' हा शब्द पाणी कशासाठी आहे ते सांगतो. वाक्यात तो कृतीचे नाव होतो आणि पाणी त्या कृतीचे कर्म होते. शब्द तेच, पण एकीकडे वस्तू आहे आणि दुसरीकडे माणसाची कृती.

आपल्या चळवळीला हा फरक व्याकरणाच्या पुस्तकातून कळलेला नाही. २० मार्च १९२७ ला महाडला आपले पूर्वज बाबासाहेबांसोबत चवदार तळ्यावर गेले ते पाणी पिण्यासाठी. तळ्यात पिण्याचे पाणी होतेच. प्रश्न पाणी पिण्याचा होता. आता ही दोन इंग्रजी वाक्ये पाहा. 'दे स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर' आणि 'दे स्टॉप्ड ड्रिंकिंग वॉटर'. पहिल्याचा अर्थ, ते पाणी प्यायला थांबले. दुसऱ्याचा अर्थ, त्यांनी पाणी पिणे थांबवले. पहिले वाक्य महाडला आपण काय केले ते सांगते. दुसरे वाक्य आपल्या विरोधकांना काय हवे होते ते सांगते. 'टू ड्रिंक' आणि 'ड्रिंकिंग' यातला फरक ज्या पोराला कळत नाही, तो आपलाच इतिहास इंग्रजीत उलटा लिहून बसेल. आणि महाडचा उल्लेख करून हा फरक सांगितला तर एकही पोरगं तो विसरणार नाही.

इथे एक सावधगिरी. पोरगं 'पाणी पिणे' म्हणणार नाही. ते 'पाणी पिणं' म्हणेल, विदर्भात 'पानी पिनं' म्हणेल. लगेच 'शुद्ध बोल' म्हणून त्याला गप्प करू नका. 'णे', 'णं', 'नं' या तिन्हींचे काम एकच आहे आणि जेरंड शिकायला तिन्ही सारखेच उपयोगी आहेत. शुद्ध-अशुद्धचा बाजार मांडून या समाजाने आपले तोंड खूप वर्षे बंद ठेवले. इंग्रजीच्या तासाला तरी तो बाजार उठवा.

आणखी एक गोष्ट. आयएनजी आपल्या वस्तीत आधीच राहायला आला आहे. वेल्डिंग, वायरिंग, फिटिंग, सेंट्रिंग, पेंटिंग, लोडिंग, पॅकिंग, हाऊसकीपिंग. हे शब्द कोणत्याही पोराला विचारा, सगळे माहीत असतात, कारण ती त्याच्या आई-बापाच्या कामांची नावे आहेत. धड्याची सुरुवात इथून करा. बाप वेल्डिंग करतो. 'वेल्ड' म्हणजे जोड, 'वेल्डिंग' म्हणजे जोडणे, जोडकाम. पुस्तकातल्या 'स्विमिंग' आणि 'गार्डनिंग'पेक्षा हे वाक्य पोराला जवळचे आहे. 'वेल्डिंग इज स्किल्ड वर्क' असे वाक्य पोराने वहीत लिहिले तर जेरंडही येतो आणि बापाच्या कामाला मानही मिळतो.

एका दाराच्या जागी दोन दारे

मराठी पोराची खरी अडचण वेगळीच आहे आणि गाइडमध्ये ती कुठेच नसते. मराठीत 'णे' हे एकच दार आहे. इंग्रजीत त्या जागी दोन दारे आहेत. एक आयएनजीचे, दुसरे 'टू'चे. 'मला वाचन आवडते, मला वाचायला आवडते, मला वाचणे आवडते' हे मराठीत जवळपास एकच. इंग्रजीत 'आय एन्जॉय रीडिंग' चालते, 'आय एन्जॉय टू रीड' चालत नाही. उलट 'आय वॉन्ट टू रीड' चालते, 'आय वॉन्ट रीडिंग' म्हटले तर काम होत नाही. आपली शिकलेली पोरंही इथे अडतात. नोकरीचा अर्ज लिहिताना, परदेशी शिष्यवृत्तीसाठी हेतूपत्र लिहिताना 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर' लिहितात. तिथे 'टू हिअरिंग' हवे. समोरचा माणूस काही बोलत नाही, फक्त मनात एक खूण करतो की हा 'तसल्या' शाळेतला आहे. जात विचारायची गरजच राहत नाही.

यातल्या काही गोष्टी नियमाने सांगता येतात, काही पाठ कराव्या लागतात. दोन्ही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात.

नियमाची गोष्ट अशी. मराठीत 'णे'पुढे शब्दयोगी अव्यय आले की 'ण्या' होते. शिकण्यापूर्वी, शिकण्याबद्दल, शिकण्यापासून, शिकण्याशिवाय. इंग्रजीत तो अव्ययाचा शब्द आधी येतो आणि मागून आयएनजी येतो. 'बिफोर लर्निंग', 'अबाउट लर्निंग', 'फ्रॉम लर्निंग', 'विदाउट लर्निंग'. म्हणजे 'ण्या' दिसला आणि त्याला काही चिकटलेले असले की आयएनजी लाव. मोठा अपवाद एकच, हेतू सांगणारा 'ण्यासाठी'. 'ती शिकण्यासाठी आली' याचे 'शी केम टू लर्न' होते. बोलीत आपण 'शिकायला आली' म्हणतो. 'लुकिंग फॉरवर्ड टू'मधला 'टू' हा हेतूचा नाही, तो 'फ्रॉम' आणि 'अबाउट' यांच्या जातीचा आहे, म्हणून त्याच्यापुढे आयएनजी.

पाठ करण्याची गोष्ट अशी. 'एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, कीप, प्रॅक्टिस' यांच्यापुढे आयएनजी. 'वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस' यांच्यापुढे 'टू'. 'लाइक, लव्ह, बिगिन, स्टार्ट' यांना दोन्ही चालतात. 'स्टॉप, रिमेंबर, फर्गेट' यांना दोन्ही चालतात, पण अर्थ बदलतो. आठवीच्या पोराला सुरुवात करायला एवढे पुरे. पाढे पाठ करणाऱ्या पोराला पंधरा-वीस क्रियापदे झेपत नाहीत, असे मला कोणी सांगू नये.

आरक्षणाच्या वाक्यातला 'मेकिंग'

कोणी विचारेल, एवढा आटापिटा कशासाठी? दोन मार्कांसाठी? नाही. संविधानाचा अनुच्छेद १६, खंड ४ काढा. नोकरीतल्या आरक्षणाचा आधार हाच आहे. मूळ इंग्रजी वाक्याची सुरुवात अशी आहे की या अनुच्छेदातील कोणतीही गोष्ट राज्याला अमुक करण्यापासून रोखणार नाही. 'प्रिव्हेन्ट द स्टेट फ्रॉम मेकिंग एनी प्रोव्हिजन'. या वाक्याचा सांधा 'मेकिंग' या शब्दावर आहे, आणि 'मेकिंग' हा जेरंड आहे. 'फ्रॉम'पुढे आयएनजी, 'करण्यापासून'. महिला आणि मुलांसाठीच्या विशेष तरतुदीचा अनुच्छेद १५, खंड ३ याच रचनेचा आहे. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा आदेश चंपकम दोराईराजन प्रकरणात रद्द ठरवला. त्यानंतर पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये खंड ४ घातला गेला, त्यातही हाच 'फ्रॉम मेकिंग' आहे. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते.

त्याच वाक्यात पुढे पाहा. 'मेकिंग'पुढे 'एनी प्रोव्हिजन' थेट आले आहे, मध्ये 'ऑफ' नाही. पण 'रिझर्व्हेशन'पुढे मात्र 'ऑफ' आले आहे, 'रिझर्व्हेशन ऑफ अपॉइंटमेंट्स'. का? कारण 'मेकिंग'मध्ये अजून क्रियापदाचा जीव आहे, त्याला थेट कर्म लागते. 'रिझर्व्हेशन' पूर्ण नाम झाले आहे, त्याला 'चा-ची-चे' लागते. मराठीत अगदी हेच होते. 'तरतूद करणे', पण 'पदांचे आरक्षण'. 'पुस्तक वाचणे', पण 'पुस्तकाचे वाचन'. १९३६ सालच्या बाबासाहेबांच्या ग्रंथाचे नाव 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे, जातीचे निर्मूलन. तिथे पूर्ण नाम आहे, म्हणून 'ऑफ'. त्याऐवजी जेरंड वापरला तर 'अ‍ॅनिहिलेटिंग कास्ट' होईल, जात मोडणे. 'ऑफ' गळून पडला. मराठीतही 'चे' गळून पडले. हा धडा पोराला शिकवायला वेगळे पुस्तक लागत नाही.

प्रास्ताविकेतला 'हॅव्हिंग' घ्या. तिथेही आयएनजी आहे, पण मराठी प्रास्ताविकेत त्या जागी 'निर्धार करून' असे आहे. 'करणे' नाही, 'करून' आहे. म्हणजे हा जेरंड नाही. रोज सकाळी परिपाठात प्रास्ताविका म्हणणाऱ्या पोराला ही कसोटी लगेच लावता येते.

आता मुद्द्याचे. 'राज्याला तरतूद करण्यापासून काही रोखणार नाही' याचा अर्थ 'राज्याने तरतूद केलीच पाहिजे' असा होतो का? याच प्रश्नावर या देशात मोठे खटले झाले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या पदोन्नतीतील आरक्षणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही तरतूद राज्याला अधिकार देणारी आहे, आरक्षण देण्याची सक्ती करणारी नाही. त्या निकालावर आपण संतापलो, आणि संतापायलाच हवे होते. पण आपल्या किती तरुणांनी खंड ४ चे मूळ वाक्य स्वतः वाचून पाहिले? न्यायालयाने त्या वाक्याचा काय अर्थ लावला आणि दुसरा कोणता अर्थ लावता आला असता, हे किती जणांना बोलता आले? वाक्यच उलगडत नसेल तर आपण फक्त घोषणा देऊ शकतो, युक्तिवाद दुसऱ्याच्या तोंडून करून घ्यावा लागतो. अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाची भाषा आजही मुख्यतः इंग्रजी आहे. चवदार तळ्याचा खटलासुद्धा शेवटी १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. तळ्यावर पाणी एका दिवसात प्यायले गेले, पण ते पिणे कायदेशीर ठरवायला दहा वर्षे कागदावर लढावे लागले. त्या कागदाची भाषा ज्याला वाचता येते, तोच त्या लढाईत उभा राहतो.

दोन बाजूंचे ढोंग

या विषयावर दोन प्रकारची माणसे आपल्याला फसवतात.

पहिला प्रकार मातृभाषेच्या भक्तांचा. मराठी टिकली पाहिजे असे भाषण ठोकायचे आणि स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात घालायची. मराठी टिकवण्याचे ओझे फक्त झेडपीच्या पोरांच्या डोक्यावर. मराठीवर आपले प्रेम कमी नाही. मूकनायक १९२० साली मराठीतच निघाला. वर सांगितलेली सगळी पद्धत मराठीच्याच आधाराने चालते, आणि तिने पोराला स्वतःच्या भाषेची घडणही कळते. पण मराठीच्या नावाने आपल्या पोराच्या हातातून इंग्रजी काढून घेणार असाल, तर ते प्रेम तुमच्याजवळच ठेवा.

दुसरा प्रकार इंग्रजीच्या भक्तांचा, आणि ते आपल्यातही आहेत. २०१० मध्ये उत्तर प्रदेशातल्या बांका गावात चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीचे मंदिर बांधायला घेतले गेले. त्यामागची तळमळ मला समजते. पण देवीपुढे दिवा लावून क्रियापदाचे रूप येत नाही. आपल्याकडेही तेच चालते. 'शिक्षण वाघिणीचे दूध' असे पोस्टर छापायचे, मिरवणुकीत नाचवायचे, आणि वस्तीतल्या पोराला तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीच्या क्लासला पाठवून मोकळे व्हायचे. तिथे त्याला पन्नास वाक्ये पाठ करून देतात. एकावन्नावे वाक्य त्याला स्वतः बनवता येत नाही. पाठ केलेली वाक्ये सेल्समनला पुरतात. अर्ज, लेख, युक्तिवाद लिहायला वाक्य बनवण्याची ताकद लागते, आणि ती व्याकरणातून येते.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. म्हणजे आठवीतले पोरगं आठ वर्षे इंग्रजी शिकत आलेले असते. आठ वर्षांनंतरही त्याला स्वतःचे एक वाक्य लिहिता येत नसेल, तर दोष त्याच्या डोक्याचा नाही. त्याला आठ वर्षे इंग्रजी दाखवले गेले, पण आतून उघडून दिले गेले नाही.

मग करायचे काय?

अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांनो, महिन्याचे चार रविवार काढा. पहिल्या रविवारी वस्तीतल्या आयएनजीच्या शब्दांची यादी करा, वेल्डिंगपासून हाऊसकीपिंगपर्यंत, आणि प्रत्येकाचे 'णे' शोधा. दुसऱ्या रविवारी धावत, धावती, धावणे या तीन रूपांवर वीस वाक्ये सोडवा. 'ड्रिंकिंग वॉटर'ची पाटी आणि महाडची दोन वाक्ये त्यात घ्या. तिसऱ्या रविवारी दोन दारे घ्या. 'टू'ची क्रियापदे आणि आयएनजीची क्रियापदे भिंतीवर दोन रांगांत लावा, आणि प्रत्येक पोराला स्वतःच्या घरावर दहा वाक्ये लिहायला लावा. चौथ्या रविवारी संविधान उघडा. अनुच्छेद १५ चे खंड ३ आणि ४, अनुच्छेद १६ चा खंड ४, आणि प्रास्ताविका. 'मेकिंग' कुठे आहे, 'हॅव्हिंग' कुठे आहे, एक जेरंड का आणि दुसरा का नाही, हे पोरांनी उभे राहून सांगावे. चुकले तर हसू नका. पुन्हा विचारा.

शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसतात. तिथे शौचालय आणि पोषण आहारासोबत हाही प्रश्न विचारा की आमच्या पोराला इंग्रजीचे व्याकरण मराठीतून समजावून दिले जाते की फक्त उतरवून घेतले जाते. शिक्षकाला शाळाबाह्य कामांतून सोडवण्याची मागणीही आपणच लावून धरली पाहिजे, नाहीतर त्याच्याकडून ही अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क नाही.

आणि पुढच्या वेळी कोणी प्रेमाने म्हणाले की तुमच्या पोरांना जेरंड झेपायचा नाही, तर त्याच्यासमोर आठवीतल्या एखाद्या पोरीला उभी करा. तिला अनुच्छेद १६ च्या खंड ४ चे वाक्य वाचू द्या. 'मेकिंग'वर बोट ठेवून तिने सांगावे की हे क्रियापदापासून झालेले नाम आहे, याचा अर्थ 'करणे', आणि आमच्यासाठी तरतूद करण्यापासून राज्याला कोणी रोखू शकत नाही.

जय भीम!